तू जा, मी बघते

आमच्या वर्गातले तिघं कुठंही भेटले की बाईंचे किस्से सुरू होतात. लग्नात भेटलो तरी तेच, दहाव्याला भेटलो तरी तेच. इतक्या वर्षांत एवढे साचलेत, की त्यातला खरा कोणता आणि कैलासनं तिखटमीठ लावून वाढवलेला कोणता, हे आता आम्हालाही धड सांगता येत नाही.

गेले सहा दिवस मात्र हे किस्से आम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर बसून सांगतोय. आत आयसीयूत आमच्या वर्गशिक्षिका वानखडे बाई आहेत. मेंदूत रक्तस्राव झालाय. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या.

बाहेर आम्ही तिघं. मी दिलीप, इच्छापोरला एका कंपनीत इलेक्ट्रिक मेंटेनन्सला आहे. सुनंदा अंगणवाडी चालवते. कैलास पलसाण्याच्या डाइंग मिलांमधून कापडाचा टेम्पो फिरवतो. आणि आमच्या मधोमध बसलेला नाना, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. वय साठीला आलंय, पण समज चार वर्षांच्या लेकराएवढीच. दर दहा मिनिटांनी विचारतो, "ताई कधी येणार?" आम्ही पाळीपाळीनं सांगतो, "येईल."

बाईंनी लग्न केलं नाही. त्यांना नानाशिवाय कुणी नाही आणि नानाला त्यांच्याशिवाय. बाई गेल्यावर त्याचं कोण बघणार, हा प्रश्न सहा दिवस आमच्या सोबत त्या बाकड्यावर बसलाय. त्याच्याकडे बघायला नको म्हणून आम्ही किस्से सांगत सुटलोय, खरं सांगायचं तर.

* * *

शहर गुजराती, शाळा मात्र नगरपालिकेची, मराठी माध्यमाची. वर्गात चाळीस पोरं, त्यातली बहुतेक लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्यांची. कुणी जालन्याचं, कुणी बुलढाण्याचं, कुणी धुळ्याकडचं. लूमच्या कारखान्यात खडखडाट असा, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून कारागीर हातांनी बोलतात. तार तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, सगळ्याला खूण ठरलेली. आमच्या बापांना कानांनी कमीच यायचं, त्यामुळे घरातही तेच चालायचं. बाहेरची माणसं म्हणायची, ही मराठी पोरं भांडतात का नाचतात?

सातवीच्या सहामाहीत इतिहासाच्या पेपरला वर्ग एकदम चिडीचूप होता. बाई खूश. पेपर तपासायला घेतले तर तीसेक जणांची उत्तरं सारखी, चुकांसकट. पुढच्या पेपरला बाई मागच्या दारात गुपचूप उभ्या राहिल्या आणि त्यांना दिसलं, अख्खा वर्ग डाव्या हातानं गप्पा मारतोय.

बाई अकोल्याकडच्या. एरवी पुस्तकासारखं बोलायच्या, पण चिडल्या की वऱ्हाडी बाहेर यायची. "काऊन रे कैलास, हातावर डास बसले काय?"

"नाही बाई," कैलास उभा राहून म्हणाला, "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सांगतोय."

आता वर्गाला छडी बसणार म्हणून आम्ही हात चोळून तयार. बाईंनी दार लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "मले शिकवा."

महिनाभर मधल्या सुट्टीत आम्ही बाईंना शिकवलं. त्यांनी विचारलं, यात 'अहो' कसं म्हणायचं? आम्ही म्हटलं, नाहीच आहे. शेठ असो नाहीतर झाडूवाला, हाताला सगळे सारखे. बाईंना ते फार आवडलं.

वार्षिक परीक्षेत सुनंदानं सवयीनं खूण केली. समोरून बाईंनी खुणेनंच कळवलं, "चूक सांगतेयस."

* * *

पुढचा किस्सा सुनंदाचा, आणि तो तीच सांगते. सातवी झाल्यावर तिच्या वडिलांनी ठरवलं, पोरीची शाळा पुरे. घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम येत होतं, तिथं बसेल. आठवीच्या प्रवेशाचा कागद आईकडून परत आला, वडिलांच्या सहीशिवाय. बाई कागद घेऊन थेट कारखान्यात गेल्या.

आत पाऊल टाकल्यावर बोलणं शक्यच नव्हतं. सुनंदाच्या वडिलांच्या ताब्यात चार लूम. त्यांनी हातानंच सांगितलं, लूम सोडून सही करायला बाहेर येता येणार नाही.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. कारागिराला चहाला जायचं, लघवीला जायचं, तर शेजारचा त्याला एक खूण करतो. दोन बोटं स्वतःच्या छातीला लावायची, मग डोळ्यांपाशी नेऊन त्याच्या लूमकडे वळवायची, आणि दुसऱ्या हातानं त्याला दाराकडे लोटल्यासारखं करायचं. तू जा, मी बघतो. ही खूण एकदा केली की संपलं. तो परत येईपर्यंत तिथून हलायचं नाही, मग स्वतःचं काही का होईना. या बाबतीत मी कुणाला शब्द मोडताना पाहिलेलं नाही.

बाईंनी सुनंदाच्या वडिलांना ती खूण केली. त्या माणसाचं तोंड उघडंच राहिलं. कागद घेऊन तो मुकाट्यानं बाहेर गेला, आणि बाई पर्स खांद्याला अडकवून चार लूमच्या मध्ये उभ्या राहिल्या.

तेवढ्यात शेठ आला. त्यानं लांबूनच पलीकडच्या कारागिराला खुणेनं विचारलं. दोन बोटं डोळ्यांपाशी, मग रिकामा तळहात. कोण बघतंय? बाईंनीच उत्तर दिलं, छातीवर दोन बोटं ठेवून. मी. आणि लगेच दुसरी खूण केली, तिसऱ्या लूमचा तार तुटलाय.

शेठ जवळ येऊन त्यांच्या कानात ओरडला, "बेन, अहीं लेडीझने नथी राखता!" इथं बायकांना कामाला ठेवत नाहीत म्हणून.

सुनंदा बारावीपर्यंत शिकली. तिचा बाप मरेपर्यंत सांगायचा, माझ्या लूमवर मास्तरीण उभी होती.

* * *

नानाचा किस्सा तर नानासमोरच सांगतो आम्ही, त्यालाही आवडतो. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून बाई त्याला शाळेत आणायच्या. शेवटच्या बाकावर बसायचा. तेव्हा तो तिशीचा, दाढीमिशा वाढलेल्या. डब्याच्या वेळी बाई पोळीचे बारीक तुकडे करून द्यायच्या, कारण अख्खी पोळी पुढे आली की भीती वाटल्यासारखा तो ती दूर सारायचा. का, ते कुणालाच माहीत नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. पट चाळीसचा, त्यांनी डोकी मोजली तर एक्केचाळीस. पुन्हा मोजली, तरी एक्केचाळीस. मग त्यांची नजर मागच्या बाकावर गेली.

"हा विद्यार्थी कितवीत आहे?"

बाई काही बोलायच्या आधी सुनंदा उभी राहिली. "सर, तो मॉनिटर आहे."

"एवढा मोठा?"

"सर, नापास होतोय ना," कैलास म्हणाला.

साहेबांनी नानाला विचारलं, तुझं नाव काय? नानानं उठून, ताठ उभं राहून आमच्या चाळीस जणांची हजेरी म्हणून दाखवली, पटावरच्या क्रमानं, एकही नाव न चुकता. साहेबांनी पेन काढलं. मग त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते बाईंनी कधी सांगितलं नाही, पण नाना त्यानंतरही यायचा.

बाईंना स्थळं आली होती. एक तर चांगला बँकेतला होता. तो म्हणाला, भावाला गावाकडे ठेवू. बाईंनी चहा दिला आणि सांगितलं, "चहा घ्या आणि निघा." हे आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या तोंडून नाही.

* * *

सगळ्याच गोष्टी गोड झाल्या असं समजू नका. कैलासचं काही झालं नाही. नववीत शाळा सोडून तो साडी पॅकिंगला लागला. बाई तिथं गेल्या. बाई आल्या म्हटल्यावर हा कापडाच्या गठ्ठ्यांमागे लपला. बाईंना दिसलाच असणार, कारण त्या गठ्ठ्यापुढे उभं राहून म्हणाल्या, "गठ्ठ्याला सांगा, उद्या गणिताची चाचणी आहे."

गठ्ठा काही हलला नाही.

बाई परत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आल्या, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. कैलास सांगतो, चौथ्या वेळी त्या आल्या नाहीत तेव्हा तो दिवसभर गठ्ठ्याआड बसून होता. त्या वेळी बाईंना टायफॉइड झाला होता. हे त्याला कळेपर्यंत वार्षिक परीक्षा संपून गेली.

"बाईंनी सगळ्यांचं भलं केलं, माझं तेवढं राहिलं," असं तो हसत म्हणतो. पण या सहा दिवसांत टेम्पो बंद ठेवून, डबे, औषधं, धावपळ सगळं तोच करतोय.

* * *

माझा किस्सा मी सहसा सांगत नाही. परवा सुनंदानं आग्रह केला म्हणून सांगितला.

माझे वडील, आबा, लूमवर होते. त्यांच्या शेजारच्या लूमवर पंडितकाका. आमच्याच गावाकडचे. एका दुपारी चार वाजता पंडितकाकांनी आबांना खूण केली, तू चहाला जा, मी बघतो. आबा टपरीवर गेले, बाकड्यावर बसले, आणि चहाचा ग्लास हातात घेण्याआधीच कलंडले. लोकांनी रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

शाळेत चाचणी चालू होती. मामा दारात येऊन उभा राहिला. बाईंनी त्याचा चेहरा पाहिला, त्याला एक शब्द विचारला नाही. माझ्याजवळ आल्या. मी म्हटलं, "बाई, तीन प्रश्न राहिलेत." त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि खूण केली. तू जा, मी बघते.

इकडे कारखान्यात कुणीतरी पळत जाऊन पंडितकाकांना सांगितलं, गेला तो. काकांनी मान हलवली आणि आपले चार आणि आबांचे चार असे आठ लूम बघत राहिले. शिफ्ट आठला सुटायची. आठपर्यंत ते हलले नाहीत. मग आमच्याकडे आले, केसांत धाग्यांचा भुसा तसाच. मामा त्यांच्या अंगावर गेला. "माणूस मेला आणि तुम्ही लूम चालवत बसलात? लाज नाही वाटत?"

काका म्हणाले, "त्याला मी बघतो म्हटलं होतं."

सगळे शिव्या द्यायला लागले. माझी आई तेवढी उठली आणि तिनं त्यांना पाणी दिलं. मला तेव्हा काकांचा फार राग आला होता. पुढची कितीतरी वर्षं राहिला.

तेरावा करून मी शाळेत गेलो. बाईंनी ड्रॉवर उघडून माझा अर्धा पेपर काढला, जसा होता तसा. म्हणाल्या, "तीन प्रश्न राहिलेत. बस आणि लिही."

मी लिहिले, रडत रडत लिहिले. त्यानंतर दहावीचा फॉर्म, आयटीआयचा प्रवेश, पहिली नोकरी, माझं लग्न, सगळ्या ठिकाणी बाई उभ्या होत्या. बोलवावं लागलं नाही कधी. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे आहे, यात मला काडीची शंका नाही.

* * *

चौथ्या दिवशी अकोल्याहून बाईंचा भाचा आला, प्रशांत. माणूस चांगला आहे. त्याची स्वतःची आई अंथरुणाला खिळलेली, तिला शेजारणीवर सोपवून आलेला. म्हणाला, "कामरेजच्या पुढे एक आश्रम आहे, मी फोनवर बोललोय. नानामामाला घेतील ते. माझ्याकडे तर शक्यच नाही."

  मागे बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दोन दिवस घरी नव्हत्या. नानानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. खिडकीच्या गजावर कपाळ आपटून आपटून रक्त काढलं आणि सोडवायला गेलेल्या शेजाऱ्याला चावला. इथं दाराआड ताई आहे, एवढ्यावर तो रात्रंदिवस बाकड्यावर बसून आहे. आश्रमात तो आठवडाभर तरी टिकेल का, हे प्रत्येकाच्या मनात होतं.

कैलासच्या एका खोलीत सहा माणसं राहतात. सुनंदाचा नवरा तिला माहेरच्या माणसालाही रात्रभर ठेवू देत नाही. माझी डिंडोलीला दोन खोल्यांची जागा. आई, मी, माझी बायको मीना आणि दोन मुली, थोरली यंदा दहावीला. तिसऱ्याच दिवशी मीनानं जेवायला वाढताना सांगून टाकलं होतं, "त्यांचं वाईट वाटतं मला, खरंच वाटतं. पण आपल्याकडे नको. मला जमणार नाही, आधीच सांगते." तिचं काय चुकलं? दिवसभर घरात तीच असते. मी मान हलवली आणि जेवलो.

* * *

काल सुनंदा आत जाऊन आली ती पांढरी पडून. बाकड्यावर बसून तिनं सांगितलं.

झालं होतं असं. बाई डावा हात सारखा हलवत होत्या. एकदा नाकातली नळी निघाली, म्हणून नर्सनं मनगट बँडेजनं पलंगाच्या दांडीला बांधलं. नर्स बिचारी सांगत होती, "मासी हाथ बहु हलावे छे." झटके येतात, तब्येत बिघडली की माणसं असं करतात, असं तिचं म्हणणं.

"झटके नाहीत रे," सुनंदा म्हणाली. "अशी करतायत." आणि तिनं शेठची ती खूण करून दाखवली. दोन बोटं डोळ्यांपाशी, मग रिकामा तळहात.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. कैलास उठून जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. नानानं विचारलं, "ताई कधी येणार?" आणि काल पहिल्यांदाच त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

* * *

आजची गोष्ट. भेटायची वेळ चार ते पाच, एका वेळी एकालाच सोडतात. आज पहिली पाळी माझी होती.

आत बाई एवढ्याशाच उरल्या होत्या. डोळे मात्र उघडे, आणि ते पूर्वीचेच. मी जवळ गेलो. त्यांनी मला ओळखलं. बांधलेल्या हाताची दोन बोटं वर झाली, बँडेज जाऊ देईल तिथवर गालाकडे सरकली, आणि मग तळहात उघडला. पुन्हा तेच. मग पुन्हा.

मी नर्सला म्हटलं, पाच मिनिटं हात सोडा, मी धरून बसतो. तिनं सोडला. हात सुटला तरी खूण तीच.

मला पंडितकाका आठवले. आठ लूम, आणि केसांतला भुसा. मीनाला घरी जाऊन काय सांगायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. थोरलीचा अभ्यास, आईचं पथ्य, काही म्हणजे काहीच ठरवलेलं नव्हतं. इतकी भीती मला आबा गेले त्या दिवशीही वाटली नव्हती.

बाई वाट बघत होत्या. चाचणीच्या वेळी बघायच्या तशाच, घाई न करता.

मी बाईंचा हात खाली ठेवला. दोन बोटं माझ्या छातीला लावली. डोळ्यांपाशी नेली. मग काचेच्या दाराबाहेर बाकड्यावर नाना बसला होता, तिकडे वळवली. आणि दुसऱ्या हातानं बाईंना दाराकडे लोटल्यासारखं केलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग उघडा होता तो तळहात त्यांनी मिटला.

मी बाहेर आलो. सुनंदा आत गेली. नाना बिस्किटाचा पुडा मांडीवर घेऊन बसला होता, न फोडता. कैलासनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला. "चल, खाली जाऊन चहा घेऊन येऊ. सकाळपासून काही घेतलं नाहीस तू."

"तू जाऊन ये," मी म्हटलं, आणि नानाच्या शेजारी बसून बिस्किटाचे तुकडे करायला घेतले.